बाबांच्या प्रश्नांना लेखी उत्तर

चॅपल हिल (अमेरिका), 12 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आजीलाही माझा नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. फक्त शेवटचा पैशांचा भाग गाळा.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "हे रेडिओचं आणि पेपरचं काय ते मला एकदा नीट लेखी कळव." तुम्ही हेडमास्तर होतात ते घरात कुणी विसरलेलं नाही, म्हणून लेखी कळवते. मी मजेत आहे. खोकला गेला. भाजणी आणि मेतकूट पोचलं, विमानतळावर कुणी पिशवी उघडली नाही. जेवण, अभ्यास, लायब्ररीतली नोकरी सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चालू आहे, ते पुन्हा लिहीत बसत नाही.

पहिली गोष्ट, मी पेपरात नाही. रेडिओवर आहे. पेपरात माझी रूममेट आहे, आणि दादाने फोनवर दोन्हीची खिचडी करून तुम्हाला सांगितली.

पेपरचं नाव 'द डेली टार हील', आमच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा. 1893 साली निघाला, तेव्हापासून विद्यार्थीच काढतात. आता छापील अंक रोज निघत नाही, पण बातम्या रोज येतात. अंक फुकट मिळतो, चौकाचौकात पेट्या ठेवलेल्या असतात, आपण उचलायचा. तुम्ही विचारलंत, विद्यापीठाच्या पैशावर चालतो तर विद्यापीठाविरुद्ध लिहितो कसा. तर बाबा, तो त्यांच्या पैशावर चालतच नाही. 1993 पासून विद्यार्थ्यांच्या फीमधला वाटासुद्धा घेत नाही. जाहिराती आणि देणग्या, त्यावर सगळं. आणि म्हणूनच ही मुलं स्वतःच्या विद्यापीठाला कोर्टात खेचू शकतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत विद्यापीठाच्याच चौकशीत दोषी ठरलेल्यांची नावं आणि त्यांना दिलेली शिक्षा जाहीर करा, असा अर्ज त्यांनी 2016 मध्ये केला. विद्यापीठाने नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2020 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी पेपर जिंकला. अर्ज केला तेव्हा जी मुलं पेपरात होती त्यांच्यातली बहुतेक निकालापर्यंत पदवी घेऊन निघूनही गेली असणार. पुढच्यांनी केस सोडली नाही. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडलं. आपल्याकडे गॅदरिंगची कमिटी बदलली की जुने हिशेबसुद्धा सापडत नाहीत.

आई, आता तुझं. मावसभावाने तुला 'तुझ्या मुलीच्या युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला' असं सांगितलं. झाला होता, पण तो 28 ऑगस्ट 2023 ला, तेव्हा मी पुण्यात होते आणि हे नावसुद्धा आपल्या घरात कुणी घेतलेलं नव्हतं. एका प्राध्यापकाचा जीव गेला. मुलं तीनेक तास वर्गांमध्ये, बाथरूममध्ये दारं लावून बसली होती. मी तुला हे आधी सांगितलं नाही कारण तू झोपली नसतीस, दुसरं काही नाही. त्यानंतर पेपरने जे केलं ते मात्र सांगते. ठरलेला अंक त्यांनी बाजूला ठेवला आणि पहिलं पान फक्त मेसेजनी भरलं. त्या तीन तासांत मुलांना आलेले आणि त्यांनी पाठवलेले मेसेज. तू सुरक्षित आहेस का, कुठे आहेस, एकटी आहेस का. फोटो नाही, बातमी नाही, वरपासून खालपर्यंत नुसते हेच. ते पान देशभर फिरलं, राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीही शेअर केलं. पेपर काढणारी मुलं स्वतःच त्या दिवशी कुठेतरी कोंडून बसलेली होती, आणि दोन दिवसांत हे पान छापून तयार. आमच्या खोलीत त्याची प्रत भिंतीला लावलेली आहे. व्हिडिओ कॉलवर तू एकदा विचारलंस ना, मागे काय चिकटवलंय, तर मी कॅलेंडर म्हणाले होते.

इथे फोनवर इशारे देण्याची व्यवस्था आहे, भोंगे आहेत, त्यांची चाचणीही होते. मी ठीक आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

बाबा, तुमचा प्रश्न जास्त अवघड आहे. तुम्ही टफ्ट्स विद्यापीठाच्या त्या तुर्की मुलीची बातमी पाठवलीत. विद्यार्थ्यांच्या पेपरात इतरांबरोबर एक लेख लिहिला, आणि यंदा मार्चमध्ये सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या माणसांनी तिला रस्त्यावरून उचलून नेलं, मे महिन्यात कोर्टाने सोडलं. बातमी खरी आहे. ऑगस्टमध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थी पेपरने तर सरकारवरच दावा लावला, कारण परदेशी मुलं स्वतःच्या नावाने लिहायला घाबरायला लागली आहेत. म्हणजे तुमची भीती उगीच नाही. पण म्हणूनच मी काही लिहीत नाही. रूममेटने मागे विचारलं होतं, परदेशी विद्यार्थ्यांवर लेख करायचाय, बोलशील का, नाव नको असेल तर नाव नको. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, समजू शकते. समजली असेलही. आमच्याबरोबर एक ब्राझीलची मुलगी आहे, ती बोलली, नाव न छापता. लेख चांगला झाला. त्यात माझं काही नाही, तुम्ही निर्धास्त राहा.

रेडिओवर यातलं काही नसतं. मी गाणी लावते.

बाबा, तुम्ही सकाळी दाढी करताना आकाशवाणी सांगली लावायचात, तो आवाज कानात घेऊनच मी तिथे पहिल्यांदा गेले असणार. स्टेशनचं नाव डब्ल्यूएक्सवायसी, 89.3 एफएम, 1977 पासून चालू. सगळं विद्यार्थी बघतात. जाहिराती नाहीत. पुण्यात आमच्या विद्यापीठाची विद्यावाणी होती, पण आपल्याकडच्या असल्या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या लावायच्या. इथे असं बंधन नाही, तरी मी बातम्यांच्या वाटेला जात नाही हे वर लिहिलंच आहे.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. इंटरनेटवरून थेट प्रसारण करणारं जगातलं पहिलं रेडिओ स्टेशन हेच, असं मानतात. तारीख 7 नोव्हेंबर 1994. आपल्याकडे तेव्हा इंटरनेट लोकांपर्यंत पोचलेलंच नव्हतं. कॉर्नेल विद्यापीठात व्हिडिओवर बोलण्यासाठी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं, इथल्या मुलांनी ते उचललं आणि त्यातून रेडिओचा आवाज सोडून दिला. त्याच दिवशी जॉर्जिया टेकच्या विद्यार्थी रेडिओनेही असंच काही सुरू केलं म्हणतात, त्यामुळे पहिलं कोण यावर अजून वाद घालता येतो. इथे मात्र कुणी घालत नाही.

म्हणजे कराडात बसून तुम्ही मला ऐकू शकता. माझी वेळ शनिवारी रात्री दोन ते चार. तुमच्याकडे रविवारी सकाळी साडेअकरा ते दीड. 2 नोव्हेंबरला इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर साडेबारा ते अडीच. आई, रात्री दोनला एकटी कशी जातेस असं लगेच म्हणू नकोस. स्टेशन विद्यार्थ्यांच्या इमारतीतच आहे, माझ्याबरोबर दुसरी एक मुलगी असते, तिची गाडी आहे, ती दारापर्यंत सोडते. आणि रविवारी मी दहापर्यंत झोपते, झोप कमी होत नाही.

काम सोपं आहे. काय लावायचं ते आपण ठरवायचं, लावलेलं सगळं नोंदवायचं, आणि दर तासाला स्टेशनचं आणि गावाचं नाव बोलायचं, तो सरकारी नियम आहे. मी एकदा आजीच्या आवडीची लावणी लावली होती. एका ट्रक ड्रायव्हरचा फोन आला, हे कुठल्या देशाचं, ढोलकी कोण वाजवतंय. मला वाजवणाऱ्याचं नाव सांगता आलं नाही. कव्हरवर गाणारीचं असतं, वाजवणाऱ्याचं नसतं. आजीला माहीत असेल तर विचारून ठेवा.

आता स्वेटरचं. आई, तू विणलेला स्वेटर फार सुरेख झालाय, मापात बसला, बाह्यासुद्धा. मी घरात रोज घालते. बाहेर घालत नाही, आणि तू फोटो मागतेस म्हणून कारण सांगते, जरा लांबलचक आहे.

इथून दहा मैलांवर डरहमला ड्यूक नावाचं दुसरं विद्यापीठ आहे. त्यांचं आणि आमचं बास्केटबॉलवरून वैर. वैर म्हणजे खरोखर वैर, शिकलेसवरलेले प्राध्यापकसुद्धा त्या आठवड्यात नीट बोलत नाहीत. आता दोघांचाही रंग निळाच. पण आमचा आकाशी आणि त्यांचा गडद. आकाशीचं इथे इतकं वेड आहे की गावातला आगीचा बंबसुद्धा लाल नाही, आकाशी आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं दूधवाल्याची गाडी असेल. सामना जिंकला की मुलं मुख्य रस्त्यावर, फ्रँकलिन स्ट्रीटवर, धावत येतात आणि भर रस्त्यात जाळ करून त्यावरून उड्या मारतात. पोलीस बाजूला उभे असतात. मी अजून बघितलं नाही, कारण मी आल्यापासून आम्ही ड्यूकशी हरतोच आहोत.

आणि हरलो की पेपरची शिक्षा. दोन्हीकडच्या विद्यार्थी पेपरांचा जुना करार आहे. मोसमातला पहिला सामना जो हरेल, त्याच्या पेपराने आपलं नाव पहिल्या पानावर जिंकणाऱ्याच्या निळ्या रंगात छापायचं. गणपतीत हरलेल्या मंडळाने जिंकलेल्या मंडळाचे फेटे बांधून मिरवायचं, तसं. माझी रूममेट ज्या दिवसाबद्दल बोलताना अजून रागावते तो कोर्टाचा नाही, या गडद निळ्याचा. कोर्टात विद्यापीठाला हरवणारे लोक हे निमूटपणे पाळतात. मला हे कळायला बराच वेळ लागला आणि पूर्ण कळलंय असं अजूनही म्हणवत नाही.

तर तू पाठवलेला रंग नेमका तोच आहे. दुकानदाराने तुला 'हा रंग सगळीकडे चालतो' असं सांगितलं, त्या बिचाऱ्याला काय माहीत. पुढच्या वेळी आकाशी लोकर घे. किंवा घेऊच नकोस, तुझे डोळे दुखतात असं दादा म्हणाला.

आता उरलेलं.

दादाच्या लग्नाला मला येता येणार नाही. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्याच पंधरवड्यात आहे, हे तुम्ही सगळ्यांना सांगा. तुम्हाला म्हणून सांगते, परीक्षेनंतरही आले असते. पण या वर्षी बाहेर जाऊन परत आत येताना काय होईल ते सांगता येत नाही, सीनियर मुलं गरज नसेल तर जाऊ नका म्हणतात. सख्ख्या भावाचं लग्न ही गरज नाही का, असं तुम्ही विचारू शकता. दादाने विचारलं नाही. करवली म्हणून मामेबहिणीला उभं करा, आणि तिच्यासाठी साडी माझ्या पैशांतून घ्या. विडिओवर मी अक्षता टाकेन, पण फोन कुणा लहान मुलाच्या हातात देऊ नका, मागच्या वेळी सबंध मंगलाष्टकं मी मांडवाचं छत बघत ऐकली.

बाबा, नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर फी लावल्याची बातमी तुम्ही वाचली असणार. ती माझ्या कंपनीने भरायची असते, आणि कंपनी अजून मिळालेलीच नाही. मेमध्ये पदवी, त्यानंतर काही काळ शिक्षणाच्याच परवान्यावर काम करता येतं. तोवर चित्र स्पष्ट होईल. घराची कागदं बँकेत आहेत ते मी विसरलेले नाही. या महिन्यापासून व्याजाचा हप्ता मी भरते, तुम्ही पेन्शनमधून भरू नका. लायब्ररीच्या पगारातून जमतं. त्या पैशांतून स्कूटरचं काम करून घ्या. ब्रेक लागत नाहीत हे मला दादाकडून कळतं, तुम्ही सांगत नाही. रेडिओचे पैसे मिळत नाहीत, बाहेरचा पगार घेणं आमच्या व्हिसात बसतही नाही, म्हणून 'त्या वेळात दोन पैसे मिळवले असतेस' हे पुन्हा म्हणू नका. आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे आणि मी ती पूर्ण भरते.

पुण्याच्या स्थळाचं मावशीला सांगा, मे महिन्यापर्यंत थांबत असतील तर थांबू देत. मी तिथे येणार की इथे राहणार, हे त्यांना आज हवंय आणि मला ते आज माहीत नाही. मुलाच्या आईने म्हणे विचारलं, रात्री दोन वाजता रेडिओवर मुलगी नक्की काय करते. त्यांना लिंक पाठवा, रविवारी दुपारी ऐकू देत. आवडलं तर बघू.

फराळाचं पार्सल पाठवू नका, भाडं फार पडतं. चकली पाठवलीत तर मात्र मोठ्या डब्यात पाठवा, रूममेटही खाते.

तुमची,
वैदेही

ता. क. लिंक दादाच्या फोनवर पाठवली आहे. उघडली की बाण दाबायचा, आधी थोडं शांत राहतं मग सुरू होतं. हप्ता भरताना बँकेचा ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येईल, तो कुणालाही सांगू नका, मला लगेच पाठवा. दहा मिनिटांत जातो.