मकरपुऱ्याच्या मिस्त्री काकांना, अगदी मनापासून

काका,
तुम्ही मराठी वाचत नाही पण ऐकलं की सगळं कळतं, म्हणून तुमच्या मुलाला सांगितलंय हे वाचून दाखवायला.

दोन महिने गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने टक टक येत होतं, ब्रेक मारला की जास्तच, आणि आई शेजारी बसली की दरवाजावरचं हँडल घट्ट धरून बसायची. त्याआधी एका मोठ्या चकाचक गॅरेजमध्ये लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बदलला होता. तिथे तीनदा गेले, तिन्ही वेळा "मॅडम, जुनी गाडी आहे, आवाज येणारच", आणि शेवटी तर "साहेबांना फोन द्या ना, त्यांना समजावतो". अहो गाडी माझी, चालवते मी! मग म्हणाले अख्खा क्रॉसमेंबर, म्हणजे तो आर्म ज्यावर बसतो तो गाडीखालचा आडवा सांगाडा, बदलावा लागेल.

तुम्ही पाच मिनिटांत त्या आर्मचा बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवलात, नख फिरवून बघायला सांगितलंत. मधले आटे सपाट झालेले, आणि वर कसलातरी गम लावलेला. त्या गॅरेजवाल्यांनी बोल्ट आधी हाताने न लावता सरळ आवळायची गन लावली, बोल्ट आडव्या आट्यावर चढला, आणि ते झाकायला गम. त्यांना माहीत होतं काका, हाच राग अजून जात नाही.

तुम्ही भोक मोठं करून नवे आटे पाडलेत, त्यात ती तारेची स्प्रिंग बसवलीत, हेलिकॉइल, म्हणजे परत तोच 12 मिमी जाडीचा, सव्वा मिमी अंतराच्या आट्यांचा बोल्ट बसतो. ते सगळं मला नीट सांगता येणार नाही. पण नवा कोरा बोल्ट पुसून माझ्यासमोर धरलात आणि म्हणालात, "बेन, तमे जाते फेरवी जुओ", तुम्ही स्वतः फिरवून बघा. ते मी विसरणार नाही. मी उकिडवी बसून बोटांनी फिरवला, पाना नाही काही नाही, आणि तो बरणीचं झाकण लागावं तसा अलगद आत जात राहिला, पार डोक्यापर्यंत. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते तुम्ही बघितलं आणि मुद्दाम दुसरीकडे वळलात, तेही कळलं मला.

मग गाडी खाली उतरवलीत आणि वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं कसलंत, नाहीतर बुशचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातलं, रबर पिळलेलं राहतं म्हणून. ते कुणीच बघितलं नसतं काका, कोण बघतं गाडीखाली. तरी केलंत. अशी माणसं बडोद्यात आहेत म्हणून तर आमच्यासारख्यांचं चालतं, बोर्ड नाही, एसी नाही, पण कामात खोट नाही.

रविवारी एक्स्प्रेसवेने अहमदाबादला गेलो, आणंद यायच्या आधीच आई झोपली, दोन्ही हात मांडीवर.

तिने शंकरपाळ्यांचा डबा भरून ठेवलाय. नवरात्रात दुकान उघडं असतं का ते कळवा, तिला स्वतः यायचंय द्यायला.

तुमची,
दांडिया बाजारवाली बेन