मोडीत घालण्याआधी एवढे करून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या घरचा संगणक २०१६ सालचा, ४ जीबी रॅमचा. तो सुरू करून मी देवपूजा आटोपून यायचो, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असायचे. बेळगावातल्या एका दुकानदाराने तो उघडलाही नाही. ‘मोडीत घाला, नवा घ्या,’ म्हणाला. खानापूरहून बसने मांडीवर नेलेला डबा तसाच मांडीवर परत आणला. फार वाईट वाटले.

नातीने फोनवर सांगितले तशी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणे एकदम दाबली. तेव्हा टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅम दाखवणारी खिडकी, उघडली. तिच्या ‘स्टार्टअप’मध्ये अकरा प्रोग्रॅम आपोआप सुरू होत होते. अँटिव्हायरस ठेवून बाकीचे बंद केले. मग परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडले. वेग आला, पण मराठी अक्षरांची दशा झाली. वेलांट्या आणि रफार करवतीच्या दातांसारखे दिसू लागले. तिथेच ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’वर पुन्हा खूण केली, तेव्हा अक्षर सुधारले. मराठी लिहिणाऱ्यांनी ही खूण काढू नये.

जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र सेटिंगने पळत नाही. त्याजागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी लागते. मीही बसवून घेतली. संगणकावरच्या विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून बँकेची कामे मी त्यावर करत नाही. वाचनालयाची पत्रे, नातवंडांचा अभ्यास यांना तो पुरतो.

दुरुस्तीवाल्यांनी गिऱ्हाइकाला आधी एवढे तरी करून द्यावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त लिपिक, खानापूर, जि. बेळगाव