नोटिशीत ‘दुरुस्त करा’ हेही असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दारांवर धोकादायक इमारतीची नोटीस लागते. तिवंधा, घनकर गल्ली, तिळभांडेश्वर गल्ली, पंचवटी, सगळीकडे तेच. मालक आणि भाडेकरू दोघेही तिचा एकच अर्थ लावतात: वाडा उतरवा. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 264 उघडून पाहा. धोकादायक बांधकाम पाडणे, सुरक्षित करणे, काढणे किंवा दुरुस्त करणे, यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी करायला आयुक्त सांगू शकतात, असे त्यात स्पष्ट आहे. व्यवहारात मात्र सगळे पहिल्या शब्दावरच थांबतात, कारण ‘दुरुस्ती परवडत नाही’ हे आधीच गृहीत धरलेले असते. ते कितपत खरे आहे, हे हिशेब मांडल्याशिवाय कळणार नाही.

वाडा वयाने पडत नाही, पाण्याने पडतो. कोरडे राहिलेले सागवान दोनशे वर्षांनंतरही नव्यासारखे कापले जाते. एक कौल सरकते, पाणी वाशावरून भिंतीच्या माथ्यावर उतरते आणि भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी मुरते. तिथे वारा नाही, ऊन नाही, भोवती ओली माती. तुळई मध्यावर खणखणीत असते आणि टोकाला तिचा भुसा झालेला असतो. म्हणून तपासणी टोकापासून करावी. हातोडीने ठोकत गेले की चांगले लाकूड खणकन वाजते, कुजलेले बद्द वाजते. बद्द वाजले तिथे पेचकस दाबून पाहावा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर तिथले लाकूड संपले असे समजावे.

आता त्या एका तुळईचा हिशेब. 9 इंच रुंद, 12 इंच उंच आणि 12 फूट लांब तुळई म्हणजे 9 घनफूट लाकूड. सागवानाचा दर घनफुटाला 5,000 रुपये धरला तर नुसते लाकूड 45,000 रुपयांचे. पण कुजले आहे दीड फूट टोक. तिरक्या जोडाची लांबी धरून साडेतीन फुटांचा तुकडा लागतो, म्हणजे पावणेतीन घनफुटांहूनही कमी. लाकूड 13,000 रुपयांच्या आसपास, शिवाय दोन्ही बाजूंना 10 मिलिमीटरची पोलादी पट्टी आणि 16 मिलिमीटरचे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट. पट्टीची लांबी आणि बोल्टांची संख्या अभियंत्याकडून गणित करूनच ठरवावी. भिंतीवर टेकलेल्या टोकाजवळ तुळईवर वाकण्याचा ताण कमी असतो, म्हणून असा जोड टोकाला चालतो. मध्यावर तो कधीही घालू नये. खाली बसलेली तुळई उचलायची असेल तर स्क्रू जॅकने दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच उचलावी. घाई केली तर तुळईवर टेकलेल्या कड्या, म्हणजे मजल्याची आडवी लाकडे, निसटतात आणि पलीकडच्या खोलीतला गिलावा फुटतो.

खांबाचे दुखणे बहुतेक वेळा आपणच निर्माण केलेले असते. जुन्या गवंड्यांनी खांब दगडी तळखड्यावर उभा केला तो जमिनीच्या ओलीपासून वर राहावा म्हणून. पुढच्या पिढ्यांनी फरशीवर फरशी घातली, तळखडा जमिनीखाली गेला आणि लाकूड थेट ओलीत आले. वाळवी तिथूनच चढते. यावर उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंनी टेकू लावून भार उचलायचा, कुजका पाय कापायचा, तेवढ्या उंचीचा घडीव काळा दगड खाली बसवायचा, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा ठेवायचा, आणि फरशी मूळ पातळीवर न्यायची. वाळवीसाठी जमीन आणि भिंतीच्या सांध्यावर दर फुटाला 12 मिलिमीटरचे भोक पाडून औषध भरतात. क्लोरपायरीफॉस 20 टक्के असेल तर एक लिटर औषधाला 19 लिटर पाणी. मात्र ओल तशीच ठेवून औषध मारले तर काही वर्षांत वाळवी परत येते.

सर्वांत जास्त नुकसान सिमेंटने केले आहे, आणि तेही चांगल्या हेतूने. वाड्याच्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या विटांच्या. त्या पाणी पितात आणि सोडतात. बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला की जोत्यातून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती आणखी वर चढते, क्षार विटेत साचतात, विटेचे पापुद्रे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत बुजलेले खांब. पुष्कळ वाड्यांत वरच्या मजल्याचा भार भिंत घेत नाही, हेच खांब घेतात. सिमेंटमागे ते आतल्या आत कुजतात आणि बाहेरून भिंत गुळगुळीत, रंगवलेली दिसते. भिंतीच्या दोन्ही पाखांच्या, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या थरांच्या, मधला भराव खाली बसला की भिंतीला पोट सुटते. तेव्हा ओळंबा लावून माप घ्यावे, भेगेवर तारीख लिहून काचेची पट्टी चिकटवावी. पट्टी महिनाभरात तडकली तर भिंत हलते आहे. तेव्हा आधी टेकू, मग बाकीचे. न तडकल्यास दोन्ही पाखे जोडणारे लांब दगड घालून आणि आत पातळ चुना जिरवून भिंत वाचते.

चुन्याचे काम महाग पडते ते मालामुळे नव्हे, वेळेमुळे. कळीचा चुना विरवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरवावा लागतो. एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटांची पूड), दोन भाग वाळू हे गिलाव्याला चालणारे प्रमाण आहे. गूळ आणि बेलफळाचे पाणी घालतात, पण गूळ जास्त झाला तर चुना आळायला उशीर लागतो. थर 10 ते 12 मिलिमीटरहून जाड नको. त्यावर दोन-तीन आठवडे ओली पोती हवीत. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच करावे. मे महिन्याच्या उन्हात केलेला चुना वरून सुकतो आणि आतून पीठ होतो, मग ‘चुना टिकत नाही’ म्हणून पुन्हा सिमेंट येते.

वजनाकडे तर कुणी बघतच नाही. कडीपाटावर, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकलेल्या मजल्यावर, सहा इंच मातीचा थर असेल तर दर चौरस फुटाला साधारण 24 किलो. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत जवळजवळ तीन टन, आणि ओली झाली की त्याहून अधिक. त्यावर कोबा, कोब्यावर फरशी, कोपऱ्यात नव्याने काढलेली न्हाणी आणि माळ्यावर हजार लिटरची टाकी, म्हणजे आणखी एक टन. हा भार उतरवायला पैसे फारसे लागत नाहीत. टाकी खाली आणणे, न्हाणी तळमजल्यावर नेणे आणि जादा थर काढणे एवढे केले तरी कित्येक तुळयांना लगेच आराम पडतो.

म्हणून पैसे कमी असतील तर क्रम चुकवू नये. पहिल्या वर्षी फक्त छप्पर, पन्हळी आणि टेकू. मंगळोरी कौले चौरस मीटरला साधारण 15 बसतात, म्हणजे हजार चौरस फूट उताराला सुमारे 1,400 आणि फुटीसाठी वर शंभर. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ सर्वांत आधी गंजते. तिचा पत्रा किमान सहा इंच एकमेकांवर चढलेला हवा आणि तिला दहा फुटांना एक इंच ढाळ हवा. भिंतीतला पिंपळ ओढून काढू नये, त्याबरोबर भिंत येते. तो कापून, मूळ मरू देऊन, मग पोकळी चुन्याने भरावी. दुसऱ्या वर्षी लाकूड आणि भिंती. गिलावा, रंग, वीज शेवटी. आम्हांला बहुतेक ठिकाणी उलटा क्रम दिसतो: दर्शनी भाग रंगवलेला आणि वर ताडपत्री. अंदाजपत्रकात किमान एक चतुर्थांश रक्कम न दिसणाऱ्या नुकसानीसाठी बाजूला ठेवावी. गिलावा काढल्याशिवाय भिंतीतला खांब कुणालाच दिसत नाही.

आता पैसे कुणाचे, हा खरा अवघड प्रश्न. मिळकत पत्रिकेवर वारसांची रांग, त्यांतले निम्मे बाहेरगावी. भाडे महिना 100 रुपये असेल तर वर्षाचे 1,200. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार वर्षाला 4 टक्के वाढ, म्हणजे महिन्याला चार रुपये. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. त्याने टाळली तर 15 दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, ही तरतूद कलम 14 मध्ये आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे 300 रुपये. तेवढ्यात तुळईचे टोकही दुरुस्त होत नाही. मालक हात वर करतो आणि भाडेकरू हक्क जाईल या भीतीने खोली सोडत नाही. दुरुस्तीसाठी तात्पुरती जागा सोडून परत येण्याची सोयही याच कायद्यात आहे, पण ती लेखी करार करून वापरणारे फार थोडे. दोघांनी मिळून असा करार केला तर निम्मी भांडणे सुरू होण्याआधीच मिटतील.

मिळकत जुन्या वास्तूंच्या वारसा (हेरिटेज) यादीत गेली की हात बांधले जातात, ही मालकांची भीती अगदीच निराधार नाही. पण त्या बदल्यात काय मिळते हेही सांगितले जात नाही. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वारसा निर्बंधांमुळे वापरता न आलेल्या चटईक्षेत्राचा (बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्राचा) टीडीआर, म्हणजे विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आहे. तो विकून आलेला पैसा त्याच वाड्याच्या छपराला लागू शकतो. श्रेणीनुसार निर्बंधही वेगवेगळे असतात, पहिली श्रेणी सर्वांत कडक, तिसरी सर्वांत सैल. उलट वाडा पाडल्यावर गावठाणातल्या पंधरा-वीस फूट रुंद जागेवर काय उभे राहील, याचा हिशेब आधी करावा. चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि रुंदीकरणाची रेषा असेल तर समोरची जागा सोडावी लागते.

दुरुस्त वाड्यातून भरघोस उत्पन्न मिळते असे आम्ही म्हणणार नाही. दर्शनी भागात दुकान, वर राज्याच्या पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेतल्या दोन-तीन खोल्या, एवढे शक्य आहे आणि त्यातून देखभाल निघते. दीड-दोन फूट जाड भिंती आणि मधला चौक यांमुळे मे महिन्यातही माजघर थंड राहते, हा लाभ रोजचा आहे. पाडलेल्या वाड्याचे मात्र काय होते ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे दिसते. सुरूच्या घाटाचे कोरीव खांब, दारावरची गणेशपट्टी आणि तक्तपोशी (छताच्या लाकडी फळ्या) ट्रकमधून बाहेरगावी जातात, आणि शेजारच्या वाड्याला जोडासाठी जुने सागवान हवे असते तेव्हा ते नाशकात मिळत नाही.

शेजारचा वाडा ही आणखी एक बाब. वाड्यांच्या भिंती सामायिक. एक उतरला की दुसऱ्याची आतली भिंत पावसात उघडी पडते, आणि पाया खणताना तिच्या मुळाशीच यंत्र लागते. खणताना एका वेळी चार-पाच फूट लांबीच उघडायची, ती भरल्यावर पुढची, आणि शेजारच्या भिंतीला आधीच तिरके टेकू. हे न केल्याने चांगले वाडेही धोकादायक यादीत येतात.

2027 चा सिंहस्थ जवळ आहे. 2015 ची शाही स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात झाली. 2003 मध्ये सरदार चौकाजवळच्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली. याच गल्ल्यांमधून पुन्हा लाखो लोक जाणार आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ओल्या भिंती असतील. घाट आणि रस्त्यांवर खर्च होतो आहे, तो व्हावाच. पण रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्ल्यांतल्या वाड्यांना टेकू, पन्हळी आणि कौले यांसाठी त्यातला लहानसा भाग पुरेल.

आमची मागणी नेमकी आहे. महापालिकेने प्रत्येक नोटिशीसोबत एक पान जोडावे: कोणता भाग पाडायचा, कोणता टेकूने सुरक्षित करायचा, कोणता दुरुस्त होऊ शकतो. पाहणी करणाऱ्याने तुळयांची टोके आणि खांबांचे पाय प्रत्यक्ष तपासल्याची नोंद त्यावर असावी. नुसते रस्त्यावरून पाहून ‘पाडा’ लिहू नये. गावठाणात खोदकामाची परवानगी देताना शेजारच्या भिंतीच्या टेकूचा आराखडा सक्तीचा करावा. उतरलेल्या वाड्यांचे सुस्थितीतले सागवान योग्य दराने विकत घेऊन एका आवारात ठेवावे आणि दुरुस्ती करणाऱ्यांना त्याच दराने द्यावे. त्याच आवारात चुना मुरवण्याचे हौद करावेत, म्हणजे एका खोलीसाठी दोन पोती चुना हवा असलेल्यालाही तो मिळेल. आणि सिंहस्थाच्या मार्गावरच्या वाड्यांची यादी यंदाच्या दिवाळीपूर्वी विभागीय कार्यालयांबाहेर लावावी, कारण चुन्याचे काम त्यानंतरच्या चार महिन्यांतच होते.

आपले,
जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करणारे अभियंते व कारागीर,
जुने नाशिक