नावं ठाऊक नसलेल्यांचे आभार

बनावट वेबसाइट शोधून त्या बंद करायला लावणाऱ्या अनोळखी मंडळींनो, आधी तुमचे आभार. बँकेच्या वेबसाइटच्या पत्त्यातल्या इंग्रजी 'ए'च्या जागी रशियन लिपीतलं हुबेहूब तसंच दिसणारं अक्षर बसवलेलं तुम्ही हेरता. आमच्या डोळ्यांना ते जन्मात दिसलं नसतं. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह म्हणजे आपण पाठवलेलं मधल्या वाटेवर कुणी वाचू शकत नाही एवढंच, पलीकडे चोरही बसलेला असू शकतो, हेही तुम्हीच घसा कोरडा करून सांगितलंत.

मग बँकेच्या काउंटरवरची ती ताई. घाईघाईने पैसे पाठवायला निघालेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाली, "आजोबा, फोनवर कोण आहे? जरा ठेवा बघू तो." मागची रांग कुरकुरली, पण ही हलली नाही. चोराचं सगळं भांडवल म्हणजे घाई, आणि तिने नेमकी तीच काढून घेतली.

आणि फसल्यावर तोंड न लपवता, ओटीपी कसा काढून घेतला, स्क्रीन शेअर करायला कसं लावलं, हे जसंच्या तसं सांगणारे तुम्ही! लोक हसलेही. (हसणारे सगळेच काही न फसलेले नसतात म्हणा.) पण तुमचं ऐकलेल्यांनी तसलाच फोन आला तेव्हा तो कट केला आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री केली. तुमचे तर विशेष आभार.