बाबांच्या गुडघ्यांसह पोर्टोफिनो

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल आमचं सहलीचं जहाज इटलीत पोर्टोफिनोला थांबलं. बंदर इतकं चिमुकलं आहे की मोठं जहाज आत शिरतच नाही. नांगर बाहेर समुद्रात टाकतात आणि छोट्या बोटींतून माणसांना धक्क्यावर नेतात. त्या बोटीत पाय टाकताना माझ्या मनात बाबांचे गुडघेच होते. बोट लाटेबरोबर वरखाली होते, पण दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, हात धरून आत घेतात. माझ्यापुढे काठी टेकत एक आजी होत्या, त्यांना कोणीही घाई केली नाही. समुद्र खवळला तर मात्र थांबाच रद्द करतात, एवढी मनाची तयारी ठेवायची.

आई, गाव काय सुंदर आहे! पाण्याला लागून उंच, अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी. गेरू, पिवळा, गुलाबी, फिकट केशरी. जवळ गेल्यावर कळलं, कित्येक खिडक्यांच्या चौकटी आणि नक्षीच्या पट्ट्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. सपाट भिंतीवर सावलीसकट अशा चितारल्यात की हात लावून पाहावं. इटलीच्या या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर ही जुनी रीत आहे. तू दिवाळीत रांगोळीला छटा देत तासन्‌तास बसतेस ना, तू या भिंतींसमोरून हललीच नसतीस.

टेकडीवर पिवळं सान जॉर्जो चर्च आहे. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात पडलं होतं, १९५० साली पुन्हा बांधलं. तिथून एका बाजूला बंदर दिसतं, दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र. चढ आहे, पायऱ्याही आहेत, पण बसत बसत जाता येईल. नाहीच जमलं तर खाली चौकात खुर्ची टाकून बसायचं. गाड्या तिथवर येत नाहीत, त्यामुळे शांत असतं.

बाबा, पोहणाऱ्या माणसासाठी एक गोष्ट. शेजारच्या सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत सुमारे १७ मीटर खोल पाण्यात, हात वर उभारलेल्या येशूचा ब्राँझचा पुतळा आहे. १९४७ मध्ये तिथे जीव गमावलेल्या दारिओ गोन्झात्ती या पाणबुड्याच्या आठवणीत तो १९५४ साली तळाशी ठेवला. मी पाहिला नाही, तिथे बोटीने किंवा डोंगरवाटेनं चालतच जावं लागतं आणि आमच्याकडे वेळ नव्हता. तो तुमच्याबरोबरच पाहीन.

आई, निघताना तू म्हणालीस, ‘तू फिरून ये, आम्हाला ठाण्याची तलावपाळी पुरे.’ मला ते पटलेलं नाही. बाबांची रजा दर वर्षी गणपतीला गावी जाण्यात आणि माझ्या परीक्षांत संपायची, तुझी तर कधी सुरूच झाली नाही. जहाजावर बॅग एकदाच उघडायची, रोज नवं गाव आपणहून समोर येतं. दमलात तर डेकवर बसा. डॉक्टर असतात, शाकाहारी जेवणही मिळतं. दगडी खलात बेसिल, लसूण आणि चीज कुटून केलेली इथली पेस्टो नावाची चटणी तुला नक्की आवडेल.

मे किंवा सप्टेंबर बरा, उन्हाचा तडाखा कमी असतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाकरता किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, तो मी काढते. तुम्ही फक्त दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून मुदत कधी संपते ते पाहा. आणि बाबा, हाडांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पायऱ्यांबद्दल स्पष्ट विचारा. परतल्यावर रविवारी खारघरहून नौपाड्याला येतेच, तेव्हा तारखा ठरवू.

तुमची,
मनू