आबा, डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहा

किलीन, टेक्सास
१४ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
ताईचा सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "गुडघा काय म्हणतो?" आणि मी नेहमीसारखं "बरं आहे" म्हणून विषय आईच्या शुगरवर नेला. बरं नाही, आबा. फोनवर ते तोंडातून निघत नाही, म्हणून हे पत्र. आणि मला तुमच्याकडून एक कागद हवा आहे. तो कशासाठी, हे नीट समजल्याशिवाय तुम्ही लिहिणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

२०१२ साली अमेरिकन फौजेत असताना फोर्ट हूडच्या छावणीत ट्रकमधून माल उतरवताना फाळक्यावरून खाली उडी मारली, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अंगात चिलखत, पाठीवर पिट्टू. डावा पाय वाकडा पडला आणि गुडघ्यातली गादी फाटली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांत पुन्हा ड्यूटीवर आले. २०१५ ला बाहेर पडले तेव्हा व्हेटरन्स अफेअर्सने, म्हणजे इथे सगळे ज्याला व्ही.ए. म्हणतात त्या माजी सैनिकांच्या खात्याने, डाव्या गुडघ्याला १० टक्के अपंगत्व धरलं. त्याचे २०२५ च्या दराने महिना १७५.५१ डॉलर मिळतात, त्यावर आयकर नाही. ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ड्यूटी केलीस, पगार घेतलास, हिशेब मिटला." मी त्यानंतर हा विषय तुमच्यापाशी काढला नाही.

पण हिशेब मिटला नव्हता. डाव्याला जपायचं म्हणून दहा वर्षं सगळा भार उजव्यावर टाकत आले. जिना चढताना उजवा पुढे, उतरताना उजव्यावर तोल, उभं राहायचं तर एका कुशीवर कलून. आता उजवाही कुरकुरतो, सकाळी सुजलेला असतो. एका बाजूला कलून चालल्याने कंबर धरली. दोन वर्षांपासून कमरेतून डाव्या पायात टाचेपर्यंत कळ जाते, झोपेतून उठवते. फौजेत गुडघ्याला ८०० मिलीग्रॅमच्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या मिळायच्या, पुढेही वर्षानुवर्षं त्याच खाल्ल्या, त्याने पोटात जळजळ सुरू झाली ती वेगळीच.

इथल्या कायद्यात याला सेकंडरी म्हणतात. नोकरीत झालेल्या दुखापतीमुळे पुढे दुसरा आजार झाला, किंवा आधीचा आजार त्या दुखापतीमुळे वाढला, तर तोही नोकरीच्याच खात्यात धरायचा. तुमच्या फौजेतल्या मेडिकल बोर्डाच्या कागदांवर 'अॅट्रिब्यूटेबल', म्हणजे नोकरीमुळे झालेला, आणि 'अॅग्रव्हेटेड', म्हणजे नोकरीमुळे वाढलेला, हे दोन शब्द असायचे ना, तसंच. फरक एवढाच की तुमच्याकडे सगळी भिस्त घरी जातानाच्या मेडिकल बोर्डावर असायची. इथे बाहेर पडून किती का वर्षं होईनात, क्लेम करता येतो. गुडघा आज दुखतो हे मी सिद्ध केलेलं आहे. कंबर त्या गुडघ्यामुळे गेली, एवढाच दुवा आता जोडायचा आहे.

आणि तिथेच माझं चुकलं. कमरेचा क्लेम मागच्या वर्षी मी एकटीने भरला. तपासणीला गेले. तपासणाऱ्याने विचारलं, "कशा आहात?" मी म्हणाले, "ठीक." वाका म्हणाले, वाकले. दात-ओठ खाऊन जेवढं वाकता येईल तेवढं वाकले, जणू परेडवर कोणी बघत होतं. अंश मोजायची पट्टी लावून त्यांनी आकडा लिहिला. कोणत्या अंशाला दुखायला लागलं हे सांगणं महत्त्वाचं असतं, महिन्यातून चार-पाच दिवस मला मोजे घालता येत नाहीत हेही सांगायचं असतं. मी यातलं काही बोलले नाही. अहवालात वय आणि बसून काम ही कारणं आली, आणि मार्चमध्ये नकाराचं पत्र आलं.

आबा, हे "ठीक आहे" मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही निवृत्त होऊन आलात तेव्हा मी नववीत होते. तुमचा गुडघा भोपळ्यासारखा सुजायचा, आई रात्री निर्गुडीचा पाला शेकायची, आणि आम्ही विचारलं की तुम्ही म्हणायचात, बोर्डाला मी 'नो कम्प्लेंट' सांगून आलोय. ते तुम्ही अभिमानाने सांगायचात. अपशिंग्यासारख्या, घरटी फौजी असलेल्या गावात तसंच सांगायचं असतं, हे मला कळतं. पण तुम्ही त्या दिवशी बोर्डाला खरं सांगितलं असतं तर कोणाचा काय अपमान झाला असता? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आज विचारते. रागावू नका.

नकारानंतर मी इथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडे गेले; माजी सैनिकांना अर्जात मदत करणारे अधिकारी ते. स्वतः जुने फौजी आहेत, एक पैसा घेत नाहीत. पैसे घेऊन रेटिंग, म्हणजे अपंगत्वाचे टक्के, मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, हे त्यांनी पहिल्यांदा बजावलं. मग माझी फाइल पानन् पान वाचून म्हणाले, दुखणं खरं आहे, फक्त त्याला साक्षीदार नाही. एक वर्षाच्या आत नवा पुरावा जोडून पुन्हा अर्ज केला तर मूळ अर्जाची तारीख टिकते, आणि मंजूर झालं तर तेव्हापासूनची रक्कम मिळते. पुरावे दोन हवेत. पहिला डॉक्टरचा. माझ्या हाडांच्या डॉक्टरीण बाईंनी सगळे एक्स-रे पाहून लिहून दिलं आहे की चालण्याचा तोल बिघडल्यामुळे कंबर गेली असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे. निम्मी पुरते, आबा. पारडी सारखी असली तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, असं इथल्या कायद्यातच लिहिलंय. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

दुसरा पुरावा तुमचा.

जवळच्या माणसाने पाहिलेलं इथे ग्राह्य धरतात. तुम्ही निदान करायचं नाही, कंबर गुडघ्यामुळे गेली असंही लिहायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. तुम्ही फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. २०१७ च्या मे महिन्यात धाकट्याच्या लग्नानंतर आपण जेजुरीला गेलो. मी प्रत्येक पायरीला उजवा पाय आधी टाकत होते आणि डावा मागून ओढत होते. अर्ध्यावर दीपमाळेपाशी बसले तेव्हा तुम्ही पाणी आणून दिलंत, आठवतंय? तेव्हा कंबर चांगली होती, नव्या सूनबाईची बॅग मीच उचलली होती. मग २०२२ ला आले तेव्हा पंगतीत पाटावर बसता आलं नाही, खुर्ची घ्यावी लागली. उठताना आईच्या खांद्याचा आधार घेत होते. माळ्याच्या जिन्यावर तर गेलेच नाही. यातलं तुम्हाला जे स्वतःला आठवतं तेच लिहा. मी सांगितलं म्हणून एक ओळही वाढवू नका. खाली 'हे खरं आहे' म्हणून सही असते, खोटं लिहिणं गुन्हा आहे. मराठीतच लिहा, इंग्रजी भाषांतर करवून मी सोबत जोडीन.

पैशाचंही सांगते, कारण तुम्ही विचाराल. इथली बेरीज सरळ नसते. दोन्ही गुडघ्यांना १०-१० मिळाले तर २० होत नाहीत. पहिल्या १० नंतर माणूस ९० उरला, त्याचे १० टक्के ९, म्हणून १९. दोन्ही पाय अधू म्हणून त्यावर आणखी दहावा भाग, म्हणजे २१ च्या आसपास. कमरेला २० मिळाले तर एकूण ३७ होतात आणि ते ४० धरतात. उजव्या गुडघ्याचा अर्ज वेगळा आहे, त्याची तारीख जुलैमध्येच नोंदवून ठेवली आहे. रकमेपेक्षा मला उपचाराची जास्त काळजी आहे. कंबर एकदा नोकरीच्या खात्यात धरली गेली की तिचे उपचार आयुष्यभर व्ही.ए.कडे फुकट होतील. मी एकोणचाळीस वर्षांची आहे, आबा. अजून बरंच चालायचंय.

मुदत मार्चपर्यंत आहे, पण दिवाळीच्या आत पाठवाल तर बरं. धाकट्याला मोबाइलवर नीट फोटो काढून पाठवायला सांगा, चारही कोपरे दिसायला हवेत. मूळ कागद तुमच्या ट्रंकेत ठेवा. आणि सही पूर्ण करा, फौजेत करायचात तशी, नंबर आणि हुद्द्यासकट.

आईला नमस्कार. तिची शुगर उपाशीपोटी किती येते ते कळवा.

तुमची
ताई