पेन टूल: रविवारच्या सत्राआधी एवढं करून या

सभासद मित्रमैत्रिणींनो,

रविवारी आपण इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं पेन टूल शिकणार आहोत. येताना त्याच टूलने झाडाच्या एका साध्या पानाचं चित्र काढून आणा. नुसतं क्लिक केलं की सरळ रेघ येते; क्लिक करून तसंच ओढलं की क्लिक केलेल्या बिंदूतून दोन दांड्या (हँडल) निघतात आणि रेघ त्यांच्या दिशेने वळते. पानाच्या टोकाशी मात्र टोकदार कोपरा हवा, म्हणून वळण मोडावं लागतं. तिथे ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून एकच दांडी फिरवा. सगळी गंमत इथेच आहे, घाई करू नका.

बिंदू कमीत कमी ठेवा, कड गुळगुळीत येते. देठाशी एक, टोकाशी एक, एवढ्यात पान होतं. बिघडलं तर फाइल पुसू नका, तशीच आणा. कुठे अडलं ते तिच्यातच दिसेल.